एका कान्याचा फरक

रविवार, ४ मार्च

ती. दादास,
सा. न.

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं.

तुमच्या कोठडीतला तो गवंडी जिन्यावरून पडून मेला असं चौकशीच्या अहवालात म्हटलंय, असं मी लिहिलं होतं. अहवालात तसं म्हटलेलं नाही. काल मूळ कागद पुन्हा काढून वाचला. 'पडला' हा शब्द त्यात कुठेच नाही. तो शब्द माझा आहे.

हे कसं झालं ते सांगते. आमच्या विभागाचं काम तुला माहीत आहेच. सरकारी इंग्रजी घ्यायचं आणि ते ज्याच्या घरी जाणार त्याला कळेल इतकं सोपं करायचं. तू म्हणतोस तसं, 'गाठी सोडायचा कारखाना'. या अहवालातलं ते वाक्य सात ओळींचं आहे. मराठीत आणलं तर असं काहीतरी होईल: 'सदर इसमाचे जिन्याच्या वरील भागातून खालील भागात येणे घडून आले असता, त्या अनुषंगाने उद्भवलेल्या दुखापतींच्या परिणामी...' आणि पुढे तसंच. मी त्याचं दोन शब्दांचं इंग्रजी वाक्य केलं. तो पडला. आमच्या विभागप्रमुख बाईंनी कौतुक केलं, सगळ्यांना दाखवलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग काल भांडी घासताना ते वाक्य आठवलं आणि हातातला पेला तसाच राहिला. 'खाली येणे घडून आले'. कसं घडून आलं? पाय घसरला, उडी मारली, ढकललं, ओढलं? त्या सात ओळींमध्ये यातलं काहीही बसतं. माझ्या दोन शब्दांत एकच बसतं. मूळ वाक्यात धुकं होतं, पण धुकं आहे हे दिसत तरी होतं. मी धुकं पुसलं आणि काचेवर आपल्याच मनाचं चित्र काढून ठेवलं.

बाबा असते तर फूटपट्टी उचलली असती. शाळेत घालण्याआधी त्यांनी आपल्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं ते आठवतं ना? पडला-पाडला. दबला-दाबला. मरतो-मारतो. 'एका कान्याचा फरक,' म्हणायचे, 'पण त्या कान्यामागे माणूस उभा असतो. कर्ता कोण? बोल.' आणि उत्तर चुकलं की लोखंडी पट्टी. तू इंग्रजीच्या वेळी म्हणाला होतास, पडलं तरी 'फेल' (fell), नापास झालं तरी 'फेल' (fail), मग शिकायचं कशाला? मी हसले. त्या हसण्याचाही मार तुलाच बसला.

तू त्या संध्याकाळी फाटकावर होतास, आत नव्हतास, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुला साक्षीदार म्हणून विचारत नाही. पण तुम्हा लोकांत बोलणं होत असेल. तो खरंच पडला का? एवढंच कळव. मी मसुदा अजून बाईंकडून परत घेऊ शकते.

तुझ्या क्वार्टरमधून फोन लागत नाही ते एका परीने बरंच. बोलताना मी अडखळते, कागदावर नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात. तिचे आशीर्वाद.

तुझी,
खोडरबर


गुरुवार, ८ मार्च

चि. खोडरबर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो. जगात लोक चोऱ्या करून झोपतात आणि आमची बहीण एका क्रियापदासाठी पेला हातात धरून उभी. बाबांनी मला मारून काही शिकवलं नाही आणि तुला न मारता फारच शिकवलं.

तू लिहिलंस तेच बरोबर आहे. पडला. त्यात खोडाखोड करू नकोस. गवंडी मारामारी करून आला होता, टेरर माणूस, दुपारपासून थाळी गजांवर आपटत होता. शिव्या तर अशा की पैलवानसुद्धा कान झाकून बसला. (पैलवान म्हणजे आमच्या पाळीतला तो आडदांड, तुला मागे सांगितलं होतं, एका वेळी दोन दरवाजे उचलतो.) मग चौकशीला वर नेताना तोल गेला. पायात एकच चप्पल, वरच्या पायरीवर धडपडला, 'आई' म्हणाला आणि गेला खाली. डोकं आपटलं. संपलं. असल्या माणसांचं असंच होतं.

आता तू म्हणशील कर्ता कोण. कर्ता तोच. तो पडला. पडणाऱ्याला कर्ता म्हणायला बाबांनी मनाई केली नव्हती.

माझं वाकडं बोट थंडीत ठणकतं अजून. बाकी मजेत. आईच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलंय, तू लाव, ती लावणार नाही. तिला सांग, मला बढतीचं चालू आहे, हवालदारी मिळाली की मोठं क्वार्टर, मग तिला इकडेच आणतो. तेवढ्यासाठी तरी सगळं नीट पार पडू दे. तुझ्या बाईंनी मसुदा मंजूर केलाय, वर पाठवायचा आणि मोकळं व्हायचं. शहाणी असशील तर ऐकशील.

दादा


सोमवार, १२ मार्च

ती. दादास,
सा. न.

पत्र मिळालं. तेल आईला लावते, ती रोज कटकट करते आणि रोज पाय पुढे करते.

तुझं ऐकलं असतं, पण मधे एक गोष्ट झाली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. मसुदा पक्का करण्याआधी तो ज्याच्यासाठी आहे अशा माणसाला वाचून दाखवायचा. मग कागद बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. त्यांना जे समजलं तेच आपण लिहिलेलं असतं, बाकीचं आपल्या मनातलं. शुक्रवारी गवंड्याची आई आली. बाईंनी काम माझ्याकडे दिलं, कारण ती आपली भाषा बोलते.

लहानशी बाई आहे. खुर्चीवर बसली तर पाय जमिनीला टेकेनात, म्हणून पुढे सरकून कडेवर बसली. मी वाक्य वाचलं, अर्थ सांगितला, कागद उलटा ठेवला आणि ठरल्याप्रमाणे विचारलं. ती म्हणाली, "माझा मुलगा चौथ्या मजल्याच्या परांचीवर उभा राहून भिंती बांधायचा. तो तुमच्या जिन्यावरून पडला, असं तुम्ही लिहिलंय. समजलं मला." मग म्हणाली, "समजलं पण पटलं नाही, असं लिहायला जागा आहे का?"

जागा नाही, दादा. आमच्या तक्त्यात 'समजलं' आणि 'समजलं नाही' एवढंच आहे.

मी तिला पाणी दिलं. तिने न विचारता सांगितलं. शेवटची आंघोळ तिनेच घातली त्याला. जबडा एका बाजूला सरकलेला. पाठीवर बुटाच्या टाचेचे ठसे, काही अर्धे, काही एकावर एक. उजव्या हाताची नखं नव्हती. कानातून आलेलं रक्त मानेवर वाळून पापुद्र्यासारखं झालं होतं, ते पाणी घालून सोडवावं लागलं. "किती ठिकाणी लागलं होतं ते मोजलं नाही," म्हणाली. "मोजण्यासारखं अंगच उरलं नव्हतं." हे सगळं ती बाजारातून काय आणायचं ते सांगावं अशा आवाजात बोलत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

जिना नखं काढत नाही.

तुझं पत्र मी परत वाचलं. एक चप्पल, वरची पायरी, 'आई' म्हणणं, हे फाटकावरून दिसत नाही. म्हणजे तुला हे पैलवानाने सांगितलं. तो तिथे होता. कदाचित त्यानेच केलं असेल, आणि तू मित्राला पाठीशी घालतोयस. तुझा स्वभावच तो. लहानपणी माझ्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा तू अंगावर घ्यायचास, बाबांपुढे हात करायचास.

पण हे माझं स्पेलिंग नाही, दादा. पैलवानाशी बोल. २ एप्रिलला चौकशी अधिकारी मसुद्यावर हरकती ऐकणार आहेत, कोणीही उभं राहू शकतं. तुम्ही दोघं गेलात, पैलवानाने स्वतः सांगितलं, तर त्याचं थोडं तरी हलकं होईल. नाहीतर मी शब्दाची हरकत घेईन. तेवढी मला घ्यावीच लागेल. शब्द माझा आहे.

तुझी,
खोडरबर


शुक्रवार, १६ मार्च

खोडरबर,

पैलवानाचं नाव कुठे काढू नकोस. त्याला दोन लहान मुली आहेत.

त्या बाईशी परत बोलू नकोस. आईला यातलं काही सांगू नकोस. आजवर मी तुझ्यासाठी काय काय अंगावर घेतलं त्याची यादी मी कधी केली नाही, तू मला करायला लावू नकोस.

रविवारी दुपारी येतो. समोरासमोर बोलू.

दादा


मंगळवार, २० मार्च

चि. खोडरबर,
आशीर्वाद.

रविवारी जे झालं ते व्हायला नको होतं. दोघांचाही राग वर गेला. तुझ्या हाताला लागलं त्याचं मला फार वाईट वाटतंय, दोन दिवस जेवण जात नाही. आईने दवाखान्यात जे सांगितलं ते योग्यच सांगितलं, उगीच लोकांना चघळायला विषय कशाला. प्लास्टरचा खर्च मी देईन.

मी रागाच्या भरात तिथे जे काही बोललो ते धरून बसू नकोस. माणूस रागात काहीही बोलतो. तू डोक्याने हुशार आहेस, नीट विचार कर. तो माणूस परत येणार नाही. त्याची आई मिळालं तर मिळालं म्हणून दारोदार फिरतेय, तिला दोन पैसे भरपाई मिळेल आणि ती गप्प होईल. पण मी आत गेलो तर? शिपाई कैदी म्हणून आत गेला तर त्याचं काय करतात तुला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, मी बघितलंय. आणि आईचं काय? तिचे गुडघे, तिची औषधं, सगळं माझ्या पगारावर चालतं.

एक शब्द आहे. त्याला कोणी हात लावला नाही तर कोणाचंच काही बिघडत नाही. आपण दोघंच उरलोय त्या टेबलाभोवतीचे.

उत्तर लिही. डाव्या हाताने लिही, पण लिही.

दादा


मंगळवार, २७ मार्च

ती. दादास,
सा. न.

डाव्या हाताने लिहिते आहे. एक ओळ लिहायला पूर्वीच्या पानाएवढा वेळ लागतो. काना सरळ येत नाही, तिरका येतो. पण येतो.

तुझ्या पत्रात तीन वाक्यं दुरुस्त करायची आहेत. तू रागावशील. तरी करते, कारण दुसरं काही मला येत नाही.

पहिलं. 'जे झालं.' झालं नाही. तू रविवारी जेवणाच्या वेळेनंतर आलास. बूट काढले नाहीस. आईने चहा ठेवला. तू मला म्हणालास, मसुद्यात 'पडला' ठेवशील अशी शपथ घे. मी म्हटलं, पैलवानाशी बोललास का? तू हसलास. मी अजून पैलवानाचंच धरून बसले होते, इतकी बावळट. मग तू सांगितलंस. थाळीचा आवाज थांबेना म्हणून तिघांनी त्याला बाहेर ओढलं. पैलवानाने हात मागे धरले, तिसऱ्याने पक्कड आणली. तू पोटात आणि पाठीत मारलंस, तो लोळायला लागला तेव्हा वरून. तोंडातून फेस यायला लागल्यावर तुम्ही घाबरलात. त्याला काखेत धरून जिन्यावर नेलंत. मी विचारलं, तेव्हा तो जिवंत होता का? तू म्हणालास, "श्वास होता. 'आई' म्हणाला." मी म्हटलं, मग तो पडला नाही. आणि तू म्हणालास, "हो, मी पाडलं. झालं समाधान? घाल तुझा काना."

हे तू ओरडून बोलला नाहीस. चहाचा कप खाली ठेवून, नीट बोललास. त्याला रागाचा भर म्हणत नाहीत.

दुसरं. 'तुझ्या हाताला लागलं.' नाही लागलं. मी म्हटलं की मी हे सांगणार, तेव्हा तू माझं उजवं मनगट धरलंस आणि टेबलाच्या कडेवर ठेवलंस. त्याच टेबलाच्या. बाबा तुझं बोट जिथे ठेवायचे तिथे, त्या खाचेवर. मी तुझ्याकडे बघत होते. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, लक्ष होतं, बाबांच्या असायचं तसं. तू एक हात वर ठेवलास आणि अंगाचा भार टाकलास. ओली काटकी मोडते तसा आवाज आला. मग तू परत दाबलंस. पहिल्यांदाच मोडलं होतं, दादा. दुसऱ्यांदा कशाला?

तेव्हा मला बाबांचं एक शिकवणं आठवलं, जे त्यांनी कधी शिकवलंच नाही. पडणं-पाडणं, मरणं-मारणं यांना काना आहे. पण मोडणं याला नाही. हात मोडला, हात मोडला. आपटणं यालाही नाही. डोकं आपटलं, डोकं आपटलं. दोन्हीकडे तेच. असल्या क्रियापदांत कर्ता लपून राहू शकतो, कोणी विचारत नाही. लहानपणी आई शेजारणींना सांगायची, 'त्याचं बोट मोडलं बाई.' व्याकरणात बसत होतं. कर्ता आत बसून वर्तमानपत्र वाचत होता. तू आठ तारखेच्या पत्रात 'डोकं आपटलं' लिहिलंस तेव्हाही मी ते पकडलं नाही. जिथे काना लागत नाही तिथे कर्ता लिहावाच लागतो. म्हणून लिहिते. तू माझं मनगट मोडलंस. बाबांनी तुझं बोट मोडलं. माझ्या चुकीसाठी मोडलं, आणि तू कधी बोलून दाखवलं नाहीस. हे दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोडलं जात नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

तिसरं. 'आईने योग्यच सांगितलं.' दवाखान्यात डॉक्टरने मला विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, "पडली. जिन्यावरून." आमच्या घराला जिना नाही. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. त्याने दोन इंग्रजी शब्द लिहिले. मला उलटे दिसले, तरी वाचता आले. माझेच होते.

त्या दिवसापासून मी झोपलेली नाही असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. झोपते, पण गवंड्याची आई खुर्चीच्या कडेवर बसलेली दिसते. तिने विचारलं होतं जागा आहे का म्हणून.

तू म्हणतोस आईचं काय. आईला मी विचारलं. तेल लावताना विचारलं, म्हणजे ती उठून जाऊ शकणार नव्हती. आधी म्हणाली, तो तुझा भाऊ आहे. मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "तुझ्या बापाला कोणीतरी एकदा अडवायला हवं होतं. मी 'पडली', 'मोडलं', 'लागलं' म्हणत राहिले आणि तो शिकला." तो म्हणजे तू. मग तिने पाय ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ती माझ्याबरोबर येणार नाही. मला अडवणारही नाही. तिच्या औषधांचं मी बघेन, माझा पगार थोडा आहे पण आहे.

कैदी शिपायाचं आत काय करतात ते तू बघितलंयस, असं लिहिलंस. तुला तसं कोणी करू नये म्हणूनही मी सांगणार आहे, वेगळ्या कोठडीची विनंती करणार आहे, बाईंनी अर्ज कसा करायचा ते सांगितलंय. तुझी पत्रं मी कोणाला देणार नाही. ती बहिणीला लिहिलेली आहेत. मी फक्त जे माझ्या कानांनी ऐकलं आणि माझ्या हाताला कळलं तेवढंच बोलणार. उभी राहून बोलायचं आहे आणि मी अडखळणार, हे मला माहीत आहे. अडखळले तरी वाक्यात कर्ता असेल.

हे तुझ्या पाठीमागे करायचं नाही म्हणून कळवते. तू त्याआधी स्वतः गेलास तर मी मागच्या बाकावर बसेन आणि फक्त माझ्या शब्दाची हरकत घेईन. परत इकडे येऊ नकोस. आलास तर दार उघडणार नाही. शेजारच्या सुताराला सांगून ठेवलंय आणि त्याने आतून अडसर बसवून दिलाय. तुझ्यापासून दार लावून घ्यायची वेळ आली.

त्या दिवशी सकाळी आधी दवाखान्यात जाईन, तिथल्या कागदावरचे दोन शब्द बदलून घेईन. तिथून चालत चौकशीच्या खोलीत. गवंड्याच्या आईला मी कळवलं आहे, ती पुढच्या बाकावर असेल.

सोमवार, २ एप्रिल.

तुझी बहीण